बऱ्याचदा

फॉर्म आला तो निहार मढवीच्या डब्याच्या पिशवीतून,
चार घड्या घालून, एका कोपऱ्यावर लोणच्याचं तेल.
अठरा प्रश्न. प्रत्येकापुढे चार चौकोन:
कधीच नाही, कधी कधी, बऱ्याचदा, नेहमी.
"बाई, शुक्रवारपर्यंत द्याल ना?" आई गेटवर म्हणाली,
"वाशीच्या डॉक्टरांची वेळ महिन्यानं मिळालीय."

प्रश्न तिसरा. समोर बोललं तरी ऐकत नाही असं वाटतं का?
वर्गात बावन्न जण. मागचा पंखा मार्चपासून बंद.
ठाणे-बेलापूर रस्त्याकडून टँकर मागे येतो पीं पीं करत,
तेव्हा माझं मलाच ऐकू येत नाही.

प्रश्न सातवा. वस्तू हरवतो का?
यंदा तीन पट्ट्या, एक बूट, डावा,
आणि भूमितीची वही.
वही मी हरवली. घरी नेली होती तपासायला.
त्याचा चौकोन कुठे आहे?

प्रश्न अकरावा. जागेवरून उठतो का?
उठतो. परवा भागाकार चालू असताना उठला,
फळ्यापर्यंत आला
आणि माझ्या सातचा नऊ केला.
नऊच होते.

स्टाफरूममध्ये किटली एक, पक्ष दोन.
कर्णिकबाई म्हणतात, हल्ली पोर नुसतं शिंकलं
तरी त्याला नाव असतं, आणि नावाला गोळी.
चौथी ब मधला तो रेयांश, अकरा मिनिटांत झालं म्हणे त्याचं निदान,
आता डबा भरलेला परत जातो,
मूल कसं फुलदाणीसारखं बसतं.
मी त्याला विचारलं होतं, काय झालं रे?
"काही नाही," म्हणाला. "आधी काहीतरी असायचं."

सावळे सर बराच वेळ कप फिरवत होते.
मग म्हणाले, माझी थोरली घेते गोळी, दोन वर्षं झाली.
पहिल्या आठवड्यात तिनं एक गोष्ट
पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचली,
मला वाचून दाखवली.
मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला.
कर्णिकबाईंनी त्यांच्या कपात चहा ओतला, साखर जरा जास्त.
घंटा झाली.

आणि ज्ञानदा, तिसऱ्या बाकावरची,
हात बाकावर, वेण्या घट्ट, जरासुद्धा हलत नाही,
जून महिन्यापासून वर्गात नाहीच ती.
तिचा फॉर्म कुणी आणत नाही.
तिचा कुणाला त्रास नाही.

रात्री दिगूला फोन केला.
भाऊ माझा, तुर्भ्याला कांदा-बटाट्याच्या गाळ्यावर असतो.
साठ गोण्यांचा हिशोब तोंडी करतो,
गाडीची किल्ली आठवड्यातून दोनदा नवी.
आबा त्याला खाटेच्या पायाला बांधायचे, सुंभानं,
पाढे होईपर्यंत.
मी शेजारी बसून माझे पाढे म्हणायची. मोठ्यानं.
विचारलं, तेव्हा गोळी मिळाली असती तर रे?
हसला. "तर मीपण तुझ्यासारखा चौकोन भरत बसलो असतो."
मागे कुणीतरी भाव ओरडत होतं.
फोन ठेवता ठेवता म्हणाला,
"ताई, त्या पोराला घरी मारत नाहीत ना?"

हा प्रश्न फॉर्मवर नव्हता.

गुरुवारी बसले. पेन्सिलीनं भरला, खोडला, पेनानं भरला.
बऱ्याचदा म्हणजे नक्की किती वेळा,
हे कुठल्याच ओळीत दिलेलं नाही.
खाली "इतर शेरा", दोन रेघा.
लिहिलं: घाई करू नका.
मग दुसऱ्या रेघेवर: उशीरही करू नका.
वाचून लाज वाटली. म्हणीसारखं दिसत होतं.
तसंच ठेवलं. शेजारी बारीक अक्षरात लिहिलं,
भागाकार चांगला येतो.

शुक्रवारी पाकीट त्याच्या हातात दिलं.
उलटं केलं, सुलटं केलं, उजेडाकडे धरलं.
"बाई, यात मी नापास झालो का?"

बाहेर टँकर मागे येत होता, पीं पीं.
सगळा वर्ग खिडकीकडे वळला.
तो वळला नाही.
उत्तर येईपर्यंत
तिथेच उभा राहिला.